उलट्या आट्याची

दुकान एकच, पण दारं दोन आणि मधे फळ्यांची भिंत. वरची पाटीसुद्धा करवतीने कापलेली. मुळात पाटी होती ‘सायकल दुरुस्ती केंद्र’. वाटणी करून देणारे मामा धंद्याने शिंपी. त्यांनी पाटीला टेप लावला, बरोबर मध्यावर खडूची रेघ ओढली आणि म्हणाले, कापा. त्यामुळे डाव्या दारावर आलं ‘सायकल दु’ आणि उजव्या दारावर ‘रुस्ती केंद्र’. डाव्या दारात ताई बसायची आणि उजव्या दारात तिचा धाकटा भाऊ. भाऊ बहिणीवर रुसलेलाच होता, त्यामुळे ‘रुस्ती केंद्र’ हे नाव गल्लीला इतकं पटलं की नव्याने आलेला पोस्टमन बरेच दिवस ते खरं नाव समजून चालला होता.

ताईचंही गल्लीने बारसं केलं होतं: ‘उलट्या आट्याची’. तोंडावर कुणी म्हणत नसे, पण तिला ते ठाऊक होतं. आटे म्हणजे नटबोल्टाला असतात त्या फिरत जाणाऱ्या खाचा. बहुतेक सगळे आटे उजवीकडे फिरवले की आवळतात. काही मोजके मात्र डावीकडे फिरवले की आवळतात आणि उजवीकडे फिरवले की सुटतात. ज्याला हे माहीत नाही तो गडी दातओठ खाऊन, घाम गाळून नट सोडवत बसतो, म्हणजे प्रत्यक्षात आणखी आवळत बसतो, आणि मग नाक मुठीत धरून ताईच्या दारात येतो. गॅसच्या टाकीचा नट, टेबलफॅनच्या पात्यांवरची टोपी, सायकलचं डावं पायडल, असल्या सगळ्या आडमुठ्या वस्तू तिच्याकडे यायच्या. ती डावखुरी होती. लहानपणी पेन्सिल कुठल्या हातात धरायची यावरून शाळेत तिने पुष्कळ बोलणी खाल्ली होती, पण उलटा आटा समोर आला की तिचा हात आपोआप बरोबर फिरायचा. “उलटे तुमचे आटे,” ती गिऱ्हाइकाला म्हणायची, “माझे सरळच आहेत.”

हे शिक्षण बाबांच्या हाताखाली झालं होतं. बाबा जुन्या शर्यतीच्या सायकली जुळवायचे. त्या सायकलींना ब्रेक नसतो. मागचं चाक आणि पायडल एकमेकांना बांधलेली असतात. चाक फिरतंय तोवर पाय फिरणार, आणि थांबायचं तर पायडल मागे दाबायचं. इथेच घोडं अडतं. ज्या दातेरी चकतीवर चेन चढते ती चाकाच्या हबवर, म्हणजे मधल्या तुंब्यावर, सरळ आट्यांनी बसलेली असते. पायडल मागे दाबलं की ती सुटायला बघते. म्हणून तिच्या बाहेरून एक बारकी रिंग लावतात, उलट्या आट्यांची. चकती सुटायला लागली की ती रिंगलाही स्वतःबरोबर फिरवते, आणि रिंग उलट्या आट्यांची असल्यामुळे सुटायच्या ऐवजी आणखी आवळते. स्वाराचा जीव त्या दोन बोटं रुंदीच्या रिंगवर असतो, आणि शर्यत बघणाऱ्या माणसाला ती दिसतसुद्धा नाही.

तरुणपणी भाऊ शर्यती मारायचा आणि ताई त्याचं चाक बांधायची. चकती भाऊ आवळायचा, पण रिंग ताईच बसवायची, कारण भाऊ हमखास चुकीच्या बाजूला फिरवायचा. रिंग आवळून झाली की ताई टायरवर एक चापट मारायची आणि म्हणायची, “जा.” त्या ‘जा’शिवाय भाऊ हलत नसे. एकदा ती पाणी प्यायला गेली होती, तेवढ्यात शिट्टी झाली. बाकीचे अर्धी फेरी पुढे गेले तरी हा पठ्ठ्या रेषेवर उभाच. त्या दिवशी बाबांनी दोघांनाही चांगलं फैलावर घेतलं होतं.

बाबा गेल्यावर वाटणी झाली. दुकानात दोन कपाटं होती, दोन्हींना सारखे खण. उजव्या कपाटात बाबांनी सरळ आट्यांचा माल ठेवला होता आणि डाव्या कपाटात उलट्या. मामांना सायकलीतलं ओ की ठो कळत नव्हतं. त्यांनी कपाटांची उंची मोजली, सारखी भरली, आणि त्यांना झालेला आनंद एखाद्या सदऱ्याच्या दोन्ही बाह्या सारख्या उतरल्यासारखा होता. कुठलं कुणाला द्यायचं, एवढाच प्रश्न उरला. तेव्हा भाऊ हसत म्हणाला, “डावं ताईला द्या. तीही उलट्या आट्याचीच आहे.”

सगळे हसले. मामा तर डोळे पुसेपर्यंत हसले. ताई हसली नाही. गल्लीने म्हटलेलं तिने कधी मनावर घेतलं नव्हतं, पण ज्याची प्रत्येक रिंग तिने स्वतःच्या हाताने आवळली होती त्याने चार माणसांत असं बोलावं, हे तिच्या फार जिव्हारी लागलं. “दे,” ती म्हणाली, “बघू तुझे सरळ आटे माझ्यावाचून कुठवर जातात ते.” मग भावाच्याही नाकाला मिरच्या झोंबल्या. त्या दिवसापासून अबोला.

वाटणी कशी झाली हे दोघांच्या लक्षात यायला थोडे दिवस गेले. सगळे हब आणि चकत्या भावाकडे, सगळ्या रिंगा ताईकडे. एकाच सदऱ्याची बटणं एकाला आणि काजं दुसऱ्याला, आणि तेही एका शिंप्याने! पण बोलणार कोण? भाऊ साध्या सायकलींची पंक्चरं काढू लागला, ताई पंखे आणि शेगड्या दुरुस्त करू लागली. अबोल्याचे नियम कडक होते. जो आधी बोलेल तो हरला. अगदीच गळ्याशी आलं तर ताई आपल्या चहाच्या किटलीशी बोलायची आणि भाऊ आपल्या हवा भरायच्या पंपाशी. फळ्या पातळ होत्या, त्यामुळे किटलीला सांगितलेलं पंपाला ऐकू जायचं आणि पंपाला सांगितलेलं किटलीला. घराण्यात कुणाचं लग्न ठरलं, कोण आजारी आहे, नळाला पाणी किती वाजता येणार, सगळं असंच कळायचं.

मग भावाची बायको वारली. ताई तेव्हा भावाच्या घरी गेली, स्वयंपाक केला, भांडी घासली, आल्यागेल्याला बघितलं, आणि या सगळ्यात भावाशी एक शब्द न बोलता परत आली. भाऊही बोलला नाही. फक्त त्यानंतर तो शीळ घालेनासा झाला. त्याला काम करताना शीळ घालायची सवय होती, बेसूर आणि अखंड, आणि ताईने किटलीपाशी त्या शिळेच्या नावाने कितीतरी वेळा बोटं मोडली होती. आता फळीपलीकडून नुसता पान्याचा आवाज यायचा. कधी कधी तोही यायचा नाही. तेव्हा ताई हातातलं काम थांबवून कान देऊन बसायची आणि तो खोकला तरी तिचा जीव भांड्यात पडायचा.

अशात बातमी आली की शर्यतीचं बंद पडलेलं मैदान दुरुस्त होऊन पुन्हा उघडणार. रविवारी सकाळी जुन्या स्वारांनी पहिली फेरी मारायची, मग नव्यांनी. बातमी आली त्याच दुपारी फळीपलीकडे शिडी सरकवल्याचा आवाज झाला, माळ्यावरून काहीतरी जड खाली आलं, आणि थोड्या वेळाने शीळ ऐकू आली. तशीच बेसूर. ताईच्या हातातला पाना जागच्या जागी थांबला. तिला इतकं बरं वाटलं की तिने स्वतःपुरता ठेवलेला चहा विसरून उतू घालवला.

पण माळ्यावरून काढलेल्या त्या जुन्या शर्यतीच्या सायकलची रिंग भावाकडे नव्हती. वाटणीच्या वेळी ते चाक साफसफाईसाठी खोललेलं होतं, आणि बाबांच्या शिस्तीप्रमाणे रिंग डाव्या कपाटात गेली होती. ती अजून तिथेच होती, लाल दोऱ्यात ओवलेली. ताई दर काही महिन्यांनी तिला तेलाचं बोट लावायची. का, ते तिने किटलीलाही सांगितलं नव्हतं.

तिने ती रिंग नेऊन भावाच्या दाराच्या कडीला अडकवली. दुसऱ्या दिवशी रिंग तिच्याच कडीला लटकत होती, आणि पलीकडे भाऊ पंपाला सांगत होता, “अशी लटकवून देतात होय? द्यायचं तर माणसाने हातात द्यावं, दोन शब्द बोलून द्यावं.”

“ज्याला हवंय त्यानं मागावं,” ताई किटलीला म्हणाली. “तोंड शिवून घेतलंय का मामांकडून?”

 रिंग पुन्हा लाल दोऱ्यासह खणात गेली.

शुक्रवारी भंगारवाला आला. त्याच्याकडे एक रिंग होती, चकचकीत, जवळजवळ नवी. ताईने ती हातात घेतली आणि बारीक मापं घ्यायचा व्हर्निअर लावला. रिंग इटालियन मापाची होती. इथले झाडून सगळे जुने हब इंग्रजी मापाचे. दोन्हींच्या आट्यांची दाटी अगदी एकसारखी, एका इंचात चोवीस. आटे मोजायची दात्यांची पट्टी दोन्हींना चपखल बसते आणि चांगल्या चांगल्यांना फसवते. फरक असतो तो पोटाच्या, म्हणजे आतल्या भोकाच्या मापात. इटालियन रिंग पाऊण मिलिमीटर मोठी. “ही इकडच्या कुठल्याच हबला चालायची नाही,” ताई म्हणाली. “घेऊन जा.”

भंगारवाला गेला, पण गेला तो सरळ शेजारच्या दारात. ताईने कान टवकारले. पलीकडे पट्टी लावल्याचा आवाज, मग भावाचं “चोवीस म्हणजे चोवीस! देऊन टाक.” मग रिंग फिरवल्याचा आवाज, सरसर, कुठेही न अडता, शेवटपर्यंत. भाऊ खुशीत पंपाला म्हणाला, “बघ! लोण्यासारखी बसली. आता कुणाच्या कडीला जायला नको.”

 तक्रार न करता बसणाऱ्या आट्यावर बाबांचा कधीच विश्वास नसायचा. बरोबर रिंग शेवटच्या वेढ्याला कुरकुरते, हाताला झुंजवते. ही मोठी रिंग आट्यांच्या नुसत्या टोकांना धरून बसली होती. दुकानात ती हजार वर्षं टिकली असती. पण मैदानावर, वळणावरच्या उताराला, भाऊ पाय मागे दाबून वेग आवरायला जाईल तेव्हा ती आटे सोडणार, चकती सुटणार, आणि साठीला आलेला माणूस ब्रेक नसलेल्या सायकलवर तसाच खाली जाणार. भावाला हे कळत नव्हतं यात त्याचाही फार दोष नव्हता. त्याने आयुष्यात कधी रिंग मापलीच नव्हती. ते खातं ताईचं होतं.

“इटालियन रिंग इंग्रजी हबवर लावली,” तिने किटलीला मोठ्याने सांगितलं, “तर ती पहिल्या दाबाला सुटते. पट्टीनं कळत नाही. व्हर्निअर लावावा लागतो.”

“काही लोकांना,” भाऊ पंपाला म्हणाला, “दुसऱ्याचं जमलेलं बघवत नाही.”

शनिवारी तिने भंगारवाल्याला गाठलं आणि ती रिंग परत घेऊन ये म्हणून पाठवलं. तो हात हलवत परत आला. “ते म्हणाले, माझ्या मेहनतीवर माझ्याच बहिणीचा डोळा आहे. ताई, तुम्हीच का नाही सांगत? फळी तर आहे मधे. एवढीशी.” त्याने बोटांनी फळीची जाडी दाखवली. ताईने त्याला चहा दिला आणि विषय बदलला. पण तो गेल्यावर ती बराच वेळ फळीसमोर उभी होती. तोंड उघडलं, पण इतक्या वर्षांनी पहिला शब्द कुठला काढायचा ते सुचेना. नाव घ्यावं तर आवाज कापेल, शिवी द्यावी तर तो खरोखरच ऐकणार नाही. फळीपलीकडे शीळ चालू होती. ती शीळ बंद करणारे शब्द तिला बोलायचे होते, आणि ते तिच्याने होईना.

रविवारी उजाडताच भाऊ सायकल घेऊन बाहेर पडला. दाढी केलेली, जुना शर्यतीचा बनियन पोटावर ताणलेला. समोर रस्त्याच्या मधोमध ताई उभी होती.

भाऊ थांबला. त्याने सवयीने इकडेतिकडे पाहिलं, पण पंप दुकानात होता. किटलीही आत होती. त्या रस्त्यावर बोलायला एकमेकांशिवाय कुणीच नव्हतं.

ताईने सायकलचं मागचं चाक पायरीला टेकवलं, ते दोन्ही हातांनी घट्ट धरलं आणि म्हणाली, “मागे दाब.”

भावाने तिच्याकडे बघितलं. मग भिंतीला हात लावून तो सायकलवर चढला आणि त्याने पायडल मागे दाबलं. काही झालं नाही. त्याच्या चेहऱ्यावर ‘बघ’ असं मोठ्या अक्षरात लिहिलेलं होतं.

“उतारावर दाबशील तसं दाब.”

तो उभा राहिला आणि सगळा भार टाकला. करकर असा बारीक आवाज झाला. चाक ताईच्या मुठीत जागच्या जागी होतं, पण पायडल मात्र सर्रकन मागे गेलं आणि भाऊ भिंतीवर आपटता आपटता राहिला. रिंग चकतीपासून सुटून हबवर सैल लोंबत होती.

भाऊ उतरला.  त्याने ती सैल रिंग बोटाने हलवून पाहिली. मग म्हणाला, “बसव.”

ताईने हबच्या आट्यांवरून नख फिरवून पाहिलं. शाबूत होते. मोठ्या रिंगने त्यांना नीट धरलंच नव्हतं, तर बिघडवणार काय! मग भावाने आपला चेनचा पाना आणून चकती उजव्या हाताने आवळली. ताईने खिशातून लाल दोरा काढला, दाताने तोडला आणि जुनी रिंग चढवली. शेवटच्या वेढ्याला ती कुरकुरली. ताईने आकडीचा पाना लावून डाव्या हाताने तिला जागेवर नेलं, आणि टायरवर एक चापट मारली.

भाऊ सायकलवर बसला. पण निघेना. ताईने पान्यावरचं तेल पुसलं, मग हात पुसले, तरी तो तसाच, मान खाली घालून, एक पाय पायरीवर.

“जा,” ताई म्हणाली. आवाज कापलाच.

तो गेला. ताईने सकाळभर एकाही पंख्याला हात लावला नाही. दोनदा चहा ठेवला, दोनदा प्यायला विसरली. दुपारच्या आत कोपऱ्यावरून शीळ ऐकू आली, आणि मग सायकल. अंगावर खरचटलेलं कुठे नव्हतं, नाक तेवढं उन्हाने लाल झालं होतं. तो आपल्या दाराकडे वळला, थांबला, आणि सायकल हातात धरून ताईच्या दारात आला.

“ताई,” तो म्हणाला.

हा शब्द तिने फळीच्या या बाजूला इतक्या वर्षांत ऐकला नव्हता. तिने किटलीकडे बघितलं आणि डोळे पुसून घेतले.

“आत ये ना. दारात काय उभा राहिलास पाहुण्यासारखा?”

तो आत येऊन स्टुलावर बसला. उतारावर पाय कसा दाबला, चाक कसं ऐकत गेलं, दुसरा एक म्हातारा फेरी संपायच्या आत कसा उतरून चालायला लागला, सगळं सांगत सुटला. मधेच किटलीकडे बोट दाखवून म्हणाला, “हिला माझ्याबद्दल काय काय माहीत आहे कुणास ठाऊक.”

“तुझ्या पंपाला माझ्याबद्दल माहीत आहे त्याहून कमीच.”

“सकाळी तू आधी बोललीस हं. म्हणजे तू हरलीस.”

“‘मागे दाब’ हे काय बोलणं झालं, ठोंब्या? ते काम होतं.”

यावर भावाने विचार केला आणि मान्य केलं. चहा संपला. तो उठला, सायकल उचलून दारापर्यंत गेला, आणि तिथून परत फिरला. त्याने चाक ताईच्या पुढ्यात आणून टेकवलं.

“रिंग काढून ठेव तुझ्याकडे,” तो म्हणाला. “पुढच्या रविवारी येईन बसवून घ्यायला.”

एकदा नीट आवळलेली रिंग कुणी दर फेरीनंतर काढून ठेवत नाही. ती वर्षानुवर्षं तशीच राहते, आणि राहावी. हे ताईला माहीत होतं, आणि रिंगांमधलं काहीच कळत नसलं तरी एवढं भावालाही माहीत होतं. ताईने पाना डाव्या हातात घेतला आणि रिंग सोडवायला बसली.